ढिगातल्या सीड्या आणि कापलेली लावणी

जुन्या पिच्चरांच्या स्वस्तातल्या व्हीसीड्या (म्हणजे सीडीवरचे पिच्चर) आणि डीव्हीड्या मी जमवते म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, अहो मॅडम आता मोबाईलवर सगळं फुकटात दिसतं की. सगळं नाही दिसत. हिंदीतलं गाजलेलं दिसतं, मराठीतलं जे सणासुदीला टीव्हीवर लागतं ते दिसतं, पण जुने कितीतरी मराठी पिच्चर असे आहेत की नेटवर त्यांचं एखादं गाणं तेवढं सापडतं, पूर्ण पिच्चर सापडतच नाही आणि सापडलाच तर कोणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला, खाली जाहिरातीची पट्टी, कोपऱ्यात चॅनलचा लोगो, शेवटची दहा मिनिटं गायब. आणि तोच पिच्चर बंद पडलेल्या सीडीच्या दुकानात धुळीत पडलेला असतो, वीस रुपयाला. म्हणून मी जाते.

मी पाचोऱ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या घरात हे सगळं सुरू झालं ते २००७ च्या सुमारास, मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ रुपयाला काढली तेव्हा. आजच्या पोरांना यात काय विशेष ते कळणार नाही, पण त्याआधी ओरिजिनल डीव्हीडी म्हणजे शंभराच्या पुढचीच गोष्ट होती, त्यामुळे जत्रेतून नाहीतर बसस्टँडच्या टपरीवरून नकली आणायची आणि अर्ध्यात अडकली की काढून फुंकर मारायची हेच सगळे करायचे. या कंपनीचा मूळ धंदा कोऱ्या सीड्या बनवायचा, तोही जगातल्या मोठ्यांपैकी एक, त्यामुळे डिस्क त्यांना स्वस्तात पडायची, वर त्यांनी हजारोंनी पिच्चरांचे हक्क घेतले, सगळ्या भाषांतले. साधा पातळ कागदी कव्हर, आत डिस्क, बस. आमच्याकडे तर जनरल स्टोअरमध्ये शाम्पूच्या पुड्यांच्या शेजारी लटकायच्या. मग बाकीच्या कंपन्यांनीही भाव खाली आणले आणि सात-आठ वर्षं खान्देशातल्या गावागावात जुने पिच्चर असे भाजीच्या भावात मिळाले. लोडशेडिंगचे दिवस होते, लाईट रात्री उशिरा यायची, आणि आली की आमचे सासरे, नाना, स्वतः उठून प्लेअर लावायचे.

पुढे पेनड्राईव्ह आले, २०१६ नंतर नेट स्वस्त झालं, २०१८ साली मोझर बेअर दिवाळ्यात निघाली, आणि दुकानं एकामागून एक मोबाईल रिपेअरिंगची झाली. माल मात्र कुठे जाणार, तो पोत्यात, माळ्यावर, रद्दीवाल्याकडे. माझी खरी जमवाजमव तेव्हापासून आहे, कारण तोपर्यंत मी आपली आवडेल ते घ्यायची, आता शोधून घेते.

सापडतात कुठे ते सांगते. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये कॉम्प्युटर मोबाईलच्या दुकानांच्या गर्दीत एखादा जुना माणूस अजून असतो ज्याच्याकडे मागच्या कपाटात खोकं भरून सीड्या आहेत, पण विचारायला लागतं, तो आपणहून दाखवत नाही कारण त्याला वाटतं हे आता कोण घेणार. रद्दीवाले तर वजनावर घेतात, प्लास्टिक म्हणून, त्यांच्याकडे गेलं की आधी लग्नाच्या सीड्यांचा ढीग उपसावा लागतो आणि मग खाली पिच्चर लागतात. आणि जत्रा. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी सगळ्यांना माहितीये, तापीच्या काठावर, पण घोड्यांच्या पलीकडे जी दुकानं लागतात तिथे मी अहिराणी गाण्यांच्या आणि मालेगावच्या कॉमेडी पिच्चरांच्या व्हीसीड्या घेतल्यात, ज्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या यादीत नाहीत. हे पिच्चर आपल्याकडचेच लोक हौसेने काढायचे, हँडीकॅमवर, आणि तिथल्या तिथे विकले जायचे. त्यांच्या कॉप्या गेल्या की गेल्या, दुसरीकडे कुठे ठेवलेल्याच नाहीत. म्हणून जुना तमाशापट आणि अशी व्हीसीडी समोरासमोर आली आणि पिशवीत जागा एकाचीच असली तर मी अहिराणी आधी उचलते.

भाव करायचाच. "वीसला एक, पन्नासला तीन" हा सगळीकडचा दर, पण ढीग घेतला तर कमी होतो. धुळ्याला एक दुकान कायमचं बंद होत होतं, मालक म्हातारा, मी एकेक उलटून बघत बसलेले, तो म्हणाला, "सगळ्याच लई जा ना ताई, नहीते भंगारमा जातीन." सगळ्या आणल्या. रिक्षात मांडीवर खोकं घेऊन बसले होते आणि वर उघड्या कव्हरमधून कोणाकोणाचे चेहरे बघत होते, एवढा आनंद मला सोन्याच्या दुकानातून बाहेर पडताना कधी झालेला नाही.

आता तपासायचं कसं, कारण ढिगातलं सगळंच चांगलं नसतं. पहिलं म्हणजे डिस्क उलटी करून बुड बघायचं. चांदीसारखं स्वच्छ असेल तर ती कारखान्यात छापलेली, जांभळट किंवा निळं-हिरवं मारत असेल तर ती कोणीतरी कॉम्प्युटरवर बर्न केलेली. छापलेल्या डिस्कमध्ये माहिती म्हणजे प्लास्टिकवर दाबून उठवलेले खड्डे असतात, ते सहसा जात नाहीत. बर्न केलेलीत रंगाचा थर असतो आणि तो ऊन आणि उष्णतेने मरतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, पत्र्याच्या टपरीत तर विचारू नका. मधल्या भोकाच्या भोवती आरशासारखी एक बारीक पट्टी असते, तिच्यावर नंबर कोरलेला असतो आणि पुष्कळदा बारीक अक्षरात आयएफपीआय असं लिहून पुढे कोड असतो, तो कारखान्याचा. नकलीवर पण छापील स्टिकर झकास असतं, त्यामुळे वरची बाजू बघून काही कळत नाही.

दुसरं, व्हीसीडी असेल तर उजेडासमोर धरायची. मी दुकानदाराच्या ट्यूबलाईटकडेच धरते. व्हीसीडी आणि डीव्हीडी दिसायला सारख्या, दोन्ही १२ सेंटिमीटर, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आत, पण व्हीसीडीत चकाकणारा थर वरच्या छापील बाजूला लगटून असतो, वर नुसती लाखेची पातळ पापुद्री, त्यामुळे वरून ओरखडा गेला की तिथली माहितीच सोलून निघते आणि उजेडात टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. गेलेली माहिती परत येत नाही. डीव्हीडी म्हणजे दोन पातळ चकत्या एकमेकीला चिकटवलेल्या, माहिती मधे, म्हणून तिला वरचे ओरखडे बऱ्यापैकी चालतात. लोक मात्र खालच्या बाजूला जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितात. व्हीसीडीवर तसं काही लिहू नका.

आणि कडा बघायची. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे पिच्चरचा शेवट बाहेरच्या कडेला असतो आणि आपण डिस्क धरतो ती कडेलाच. तेलकट बोटांचे ठसे, लहान पोरांनी काढघाल केलेली, सगळं कडेला. इतके पिच्चर शेवटच्या वीस मिनिटांत अडकतात त्याचं कारण हेच, आणि त्यातले बरेच नुसते धुतले की चालतात. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकं चोळायचं आणि मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो माहितीच्या ओळीच्याच दिशेने जातो आणि सलग मोठा तुकडा खातो, आडवा ओरखडा असेल तर प्लेअर आजूबाजूच्या माहितीवरून तेवढं भरून काढतो. टूथपेस्टचा प्रयोग मी कोणाला सांगत नाही.

एकच पिच्चर तीन कंपन्यांच्या डिस्कवर का असतो हे मला बरेच दिवस कोडं होतं. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराईट ६० वर्षांचा असतो, प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा. म्हणजे २००७ मध्ये १९४६ पर्यंतचं सगळं मोकळं झालेलं होतं, ज्याच्याकडे प्रिंट आहे तो काढू शकत होता, आणि प्रत्येकाची प्रिंट वेगळी. एकाची पांढरीफट्ट, एकाची काळीकुट्ट, एकाच्यात आवाज खरखरतो पण चित्र सुंदर. म्हणून जुन्यात जुना पिच्चर असेल तर आपल्याकडे आहे म्हणून दुसरी डिस्क सोडून द्यायची नाही. आणि एका डीव्हीडीवर तीन पिच्चर असं लिहिलेलं असतं त्याला मी शेवटचा नंबर देते. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी बसतं, त्यात आठ-नऊ तासांचे पिच्चर कोंबले की रात्रीच्या प्रसंगात नुसते चौकोन हलताना दिसतात, माणूस ओळखू येत नाही. पण तो पिच्चर दुसरीकडे मिळतच नसेल तर तीही घेते.

आता त्या लावणीचं सांगते. एक कृष्णधवल तमाशापट होता, नाव सांगितलं तर डिस्क कोणाची ते लगेच कळेल म्हणून राहू दे. दोन व्हीसीडींचा सेट, छापील, स्वच्छ. आम्ही सगळे बघत होतो आणि अर्ध्यात नाना उठून बसले, म्हणाले, "आठे एक लावनी व्हती वं माय, कोठे गई ती?" नानांनी तो पिच्चर तरुणपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला, तेव्हा टुरिंग टॉकीज जत्रेजत्रेने फिरायच्या, कनातीत खाली बसून बघायचा, आणि त्यांना ती लावणी कुठल्या प्रसंगानंतर येते हे बरोब्बर माहीत होतं. ह्यांचं म्हणणं, नानांची गफलत होत असेल, दोन पिच्चर एकत्र झाले असतील डोक्यात. मला तसं वाटेना. नाना गाण्याच्या बाबतीत चुकत नाहीत.

तपासायचा मार्ग पिच्चरच्या पहिल्याच फ्रेममध्ये असतो. सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसतं ना सुरुवातीला, जे आपण सगळे ढकलून पुढे जातो, त्याच्यावर पिच्चरची लांबी आणि रीळं लिहिलेली असतात. नंतरच्या पिच्चरांची मीटरमध्ये, जुन्यांची फुटात. थिएटरची ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते आणि एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. फुटाला ९० ने भागलं की मिनिटं आली, मीटर असतील तर २७.४ ने भागायचं. मी व्हीसीडी थांबवली, टीव्हीच्या जवळ जाऊन, अगदी नाक लावून वाचलं, कारण व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, त्यात टाईपरायटरचे आकडे म्हणजे मुंग्याच. तीन का आठ ते कळेना, मग मोबाईलने फोटो काढून मोठा केला. १३,३२० फूट. म्हणजे १४८ मिनिटं. व्हीसीडी 'पाल' (PAL) नावाच्या टीव्हीच्या पद्धतीची, ती सेकंदाला २५ फ्रेमने चालते, पिच्चर थोडा लवकर संपतो, म्हणून १४८ ची १४२ व्हायला हवी होती. दोन्ही डिस्क मिळून भरत होती १२९. तेरा मिनिटं कापलेली. लावणी तर त्यात गेलीच, आणखीही काहीतरी गेलं होतं.

का कापतात हे मला अजूनही पटत नाही. दोन डिस्कमध्ये मिळून सहज अडीच तास बसतात, एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटं मावतात, त्यामुळे जागेचं कारणच नव्हतं. बहुतेक मिळालेली प्रिंटच तुटलेली असणार, जिल्ह्याजिल्ह्यातून फिरून फिरून रीळाची टोकं झिजायची, गाणी तर ऑपरेटर कापून ठेवायचे असं जुने लोक सांगतात. कारण काही असो, कव्हरवर कुठेही लिहिलेलं नव्हतं की पिच्चर अपुरा आहे, आणि लोकांनी तोच पूर्ण समजून पाहिला. पैसे वीस घ्या की दोनशे, जे आहे ते लिहा ना.

मग मी दुसऱ्या कंपनीची कॉपी शोधायला लागले. जळगाव, भुसावळ, अमळनेर, शाळेच्या कामाने जिथे जाईन तिथे. चाळीसगावला स्टेशनबाहेर एका माणसाकडे मिळाली, डीव्हीडी, दोन पिच्चर एकात, आणि प्रिंट पहिल्यापेक्षा वाईट, मधे मधे पांढरे उभे ओरखडे पाऊस पडल्यासारखे. घरी आणून सरळ त्या प्रसंगावर नेली. ढोलकी सुरू झाली आणि नाना म्हणाले, "हाई शे ती." पूर्ण कडवी पाठ होती त्यांना, बाईच्या आधी म्हणत होते. नंतर एक सवालजवाबाचा तुकडाही त्यात निघाला जो पहिल्या सेटमध्ये नव्हता. आणि गंमत बघा, या डीव्हीडीत शेवटाकडचा एक प्रसंग नाही जो व्हीसीडीत आहे. म्हणजे दोन्ही ठेवल्या तरच पिच्चर पूर्ण. ह्यांनी मग दोन्ही कॉम्प्युटरवर घेऊन तुकडे जोडले, चित्राचा दर्जा मधेच बदलतो ते दिसतं, पण गोष्ट आणि गाणी सलग लागतात.

कॉप्या काढायचं काम सध्या माझंच. नवीन लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते, म्हणून यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घेतलाय. व्हीसीडी सोपी, आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाईल कॉपी करायची, व्हीएलसी प्लेअरमध्ये लागते. डीव्हीडीला हँडब्रेक नावाचा प्रोग्राम वापरते. जी डिस्क वाचताना अडकते तिला विंडोजमध्ये रेटत बसायचं नाही, लिनक्सवर डीडीरेस्क्यू म्हणून प्रोग्राम आहे, तो आधी चांगला भाग सगळा काढून घेतो आणि मग खराब जागेवर परत परत जातो, रात्रभर चालू ठेवला तर सकाळपर्यंत बरंच वाचलेलं असतं. हे आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी शिकवलं, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला सांगते, नवीन रुंद टीव्हीवर जुना पिच्चर लावला की सगळे चेहरे फुगलेले दिसतात आणि लोक म्हणतात डिस्क खराब आहे. डिस्क खराब नसते. १९५०च्या दशकातल्या पिच्चरची चौकट जवळजवळ चौकोनी असते आणि टीव्ही तिला ताणतो. रिमोटमध्ये चित्राच्या आकाराचं बटण शोधून ४:३ करा, दोन्ही बाजूला काळं राहील, राहू द्या. नायिका लगेच मूळची दिसते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गल्लीतल्या पोरांना बसवून 'श्यामची आई' लावला होता, १९५३ चा, अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, म्हणजे आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, हे पोरांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना की पुस्तकातले गुरुजी आपल्याच जिल्ह्यात शिकवत होते. एक पोरगा पिच्चर संपल्यावर डिस्क हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला, त्याने आयुष्यात सीडी पाहिलेली नव्हती. त्याला कडेने आणि मधल्या भोकात बोट घालून कशी धरायची ते दाखवलं. आता तोच मला रद्दीवाल्याच्या दुकानात काही आलं की सांगत येतो.

ठेवायची पद्धत साधी आहे, उभ्या ठेवायच्या, आडव्या थप्प्या नाही, लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर तिथे नाही, आणि प्लास्टिकच्या मऊ पाकिटांतून काढून कडक डबीत घालायच्या कारण आपल्या उन्हात ती पाकिटं डिस्कला चिकटतात. वहीत नाव, कंपनी, सर्टिफिकेटवरची लांबी आणि प्रत्यक्ष मिनिटं लिहून ठेवते. चौथा रकाना तिसऱ्याशी जुळत नसला की लाल पेनाने खूण, म्हणजे दुसरी कॉपी शोधायची.

सध्या लाल खुणा बऱ्याच आहेत. नाना 'मानिनी'ची वाट बघतायत, १९६१ चा अनंत मान्यांचा पिच्चर, त्यात बहिणाबाईंची गाणी आहेत आणि बहिणाबाईंचं माहेर असोदा म्हणजे आमच्या आत्याचं सासर, त्यामुळे घरात सगळ्यांनाच तो हवाय. आणि परवा त्या पोराने रद्दीवाल्याकडून पिशवी आणली त्यात दोन अहिराणी व्हीसीड्या निघाल्या, बुड जांभळट, कडेला रंग उडायला लागलेला. मे लागायच्या आत कॉपी व्हायला पाहिजेत, म्हणून आज रात्री त्याच लावतेय, तमाशापट पुढच्या आठवड्यात.